गाडीजवळ बसून राहता यावं म्हणून

वाचकाचं पत्र:

"दादा, आम्ही मेलबर्नला असतो. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत माझे आई-बाबा नाशिकहून येतायत. त्यांना शहरांपलीकडचा ऑस्ट्रेलिया दाखवायचा म्हणून अ‍ॅडलेड, फ्लिंडर्स रेंजेस, मारी, तिथून ऊडनाडॅटा ट्रॅकने मार्ला आणि पुढे उलुरू असा बेत केलाय. गाडी आमचीच आहे, फोर-व्हील-ड्राइव्ह. माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, आई आणि बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. त्या रस्त्यावर दिवसदिवस रेंज नसते म्हणतात. हा म्हणतो, माझ्या आयफोनला सॅटेलाइट आहे, आणखी काही नको. याचा मित्र म्हणतो सॅटेलाइट फोनच घ्या. दुकानदाराने स्टारलिंक मिनी पुढे केलं. ऑफिसातली एक जण म्हणते, यूएचएफ रेडिओशिवाय जाऊच नका. खर्च हजार डॉलरच्या आसपास ठेवायचाय. एकच वस्तू घ्यायची तर कोणती? आणि बाबांना घेऊन जाणं चूक तर नाही ना?"

प्रिय ताई,

सरळ उत्तर आधी देतो. एकच घ्यायची तर पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. पण बाबांच्या स्टेंटबद्दल वाचल्यावर एकावर थांबा असं मी सांगणार नाही. बीकनच्या जोडीला दोन्हीकडून मेसेज जाणारा सॅटेलाइट मेसेंजर घ्या आणि आसपासच्या गाड्यांशी बोलायचा यूएचएफ रेडिओ गाडीत कायमचा बसवून घ्या. सॅटेलाइट फोन या सहलीत नसला तरी चालेल. बाबांना न्यायचं की नाही हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा, रस्ता आणि अंतरं सांगून विचारा. त्यांनी हो म्हटलं तर जरूर न्या.

आता यामागचा विचार. मारीला पोचलात की गावातून दोन कच्चे रस्ते फुटतात. एक तुमचा. दुसरा उत्तरेला बर्ड्सव्हिलकडे जातो, पाचशेहून जास्त किलोमीटरचा. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या दिवसांत, इंग्लंडहून इथे येऊन राहिलेलं एक कुटुंब त्या रस्त्यावर होतं. आई-वडील आणि तीन मुलगे. वाट चुकली, पेट्रोल संपलं, आणि त्यांनी गाडी सोडली. पाचही जण दगावले. तुमच्याआमच्यासारखीच परदेशातून आलेली माणसं होती ती, या उन्हाची सवय नसलेली.

तुमच्याच रस्त्यावर पुढे विल्यम क्रीक या वस्तीच्या अलीकडे काटी थांडा–लेक एअर या सरोवराच्या काठाकडे एक फाटा जातो. १९९८ च्या डिसेंबरात तिथे दोन ऑस्ट्रियन पर्यटकांची गाडी वाळूत रुतली. गाडीजवळ पाणी होतं. तरी काही दिवस वाट पाहून ते दोघं विल्यम क्रीकच्या दिशेने चालायला लागले. त्यातला एक जण मागे फिरला, गाडीपाशी थांबला आणि वाचला. त्याची सोबतीण चालत राहिली. सुमारे तीस किलोमीटर गेल्यावर तिचा मृत्यू झाला.

तुम्ही जुलैत जाताय, तेव्हा तिकडे हिवाळा. दिवस सुखद असतात, रात्री पारा शून्याजवळ उतरतो. त्या उन्हाची भीती तुम्हाला नाही. पण या दोन्ही प्रसंगांतली चूक ऋतूची नव्हती. गाडी विमानातून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही; गाडीला सावली असते, गाडीत पाणी असतं. हे चालायला लागलेल्यांनाही ठाऊक असतं. तरी ते चालतात, कारण आपण इथे अडकलोय हे कुणाला कळलंय का, हेच त्यांना माहीत नसतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं रडत असताना, नुसतं बसून राहणं कुणाला जमणार? संपर्काचं साधन घ्यायचं ते बसून राहता यावं म्हणून. म्हणून प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न लावतो: ही हाताशी असली तर ताईंची आई गाडीच्या सावलीत धीराने बसून राहील का?

बीकन या प्रश्नाला सगळ्यात जास्त उतरतो. मुठीत मावेल एवढा, बहुधा पिवळा डबा. अँटेना उलगडायची, बटण दाबून धरायचं, उघड्या आकाशाखाली ठेवायचा. तो ४०६ मेगाहर्ट्झवर आपली ओळख आणि जागा सांगू लागतो. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह ते ऐकतात आणि संदेश कॅनबेराच्या बचाव केंद्रात जातो. हे केंद्र ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीचं, सगळे तिला अ‍ॅम्सा म्हणतात. नाव समुद्राचं असलं तरी वाळवंटातला बीकनही तिथेच ऐकला जातो आणि तिथून राज्याच्या पोलिसांना, विमानांना, हेलिकॉप्टरना हलवलं जातं. जवळ आलेल्या विमानाला दिशा कळावी म्हणून डबा १२१.५ मेगाहर्ट्झवर वेगळा सिग्नलही सोडत असतो.

घेताना जीपीएस असलेलाच घ्या. अ‍ॅम्साच्या सांगण्यानुसार जीपीएसवाल्याची जागा साधारण १२० मीटरच्या आत कळते. नसलेल्याची कळते ती पाच किलोमीटरच्या घेरात, आणि त्यालाही वेळ जास्त लागतो. त्या सपाट, एकसारख्या मुलखात पाच किलोमीटर म्हणजे फार झालं. एकदा सुरू केला की बीकन किमान २४ तास चालतो. महिन्याचं भाडं नाही, सिम नाही, चार्जिंग नाही. बॅटरी सीलबंद असते, तिची तारीख डब्यावर छापलेली असते, ती आधी बघा. किंमत तीन-चारशे डॉलरच्या घरात. जुना कुणाकडून घेतलात तर नोंदणी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर तुम्ही बटण दाबल्यावर कॅनबेराचा फोन भलत्याच घरी वाजेल.

नोंदणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माणसं इथेच घाई करतात. अ‍ॅम्साकडे नोंदणी फुकट होते आणि दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. तीत तुमची गाडी, तिचा रंग आणि संकटात कुणाला फोन करायचा ती नावं असतात. प्रत्येक सहलीचा बेतही तिथे लिहून ठेवता येतो. माणसं किती, कुठून कुठे, आणि एका प्रवाशाला हृदयविकार आहे हे तिथे नक्की लिहा. संपर्कासाठी नाशिकच्या भावाचं नाव घालावंसं वाटेल, घरचा माणूस म्हणून. पण विचार करा, तिकडे मध्यरात्र असते, अनोळखी परदेशी नंबर दिसतो, तो फसवणुकीचा फोन समजून कट करतो. भावाला कळवा जरूर, पण नोंदणीत ऑस्ट्रेलियातच राहणारी दोन माणसं घाला, जी त्या आठवड्यात फोन उचलणार आहेत, ज्यांना तुमचा रोजचा मुक्काम माहीत आहे आणि जी त्या गाडीत नाहीत. नवऱ्याच्या बीकनवर बायकोचा नंबर आणि दोघं एकाच गाडीत, असं मी किती वेळा पाहिलंय.

बटण दाबायचं कधी? जिवावर बेतलेलं असेल तेव्हा. टायर फुटला, पाणी आहे, दिवसातून चार गाड्या जातात, तर बीकनचं काम नाही. बाबांच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागलाय, तर क्षणभरही घोळ घालू नका. ‘उगाच सगळ्यांना त्रास’ हा आपल्या आधीच्या पिढीचा स्वभाव आहे. बाबा स्वतः म्हणतील, थांब जरा, अ‍ॅसिडिटी असेल. त्यांचं ऐकू नका. चुकून दाबला गेला तर तसं बचाव केंद्राला कळवायचं, चुकीबद्दल दंड नाही.

बीकनची उणीव एकच, पण तुमच्या बाबतीत मोठी आहे: तो मुका आहे. कॅनबेराला एवढंच कळतं की अमुक ठिकाणी अमुक माणूस संकटात आहे. हृदयाचा झटका आहे, गाडी उलटलीय की साप चावलाय, हे तो सांगू शकत नाही. तुम्हालाही कळत नाही की कोण निघालंय आणि किती वेळात पोचेल. म्हणून मेसेंजर.

गार्मिनचा इनरीच आणि झोलिओ हे दोन इथे जास्त दिसतात. दोन्ही इरिडियमच्या जाळ्यावर चालतात. ६६ उपग्रह पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत असतात, त्यामुळे उघड्या माळावर कुठला ना कुठला डोक्यावर असतोच. फ्लिंडर्समध्ये ब्राचिना गॉर्जसारख्या घळीत मात्र आकाशाची पट्टी अरुंद होते, मेसेज अडकतो, दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. तिथे घाबरून पुन्हा पुन्हा पाठवू नका, उघड्यावर या आणि थांबा. यांच्यावरचा एसओएस आधी अमेरिकेतल्या खासगी केंद्राला जातो आणि ते इथल्या यंत्रणेला कळवतात. व्यवस्था चांगली आहे, पण साखळीत एक कडी जास्त आहे, भाडं भरलेलं असावं लागतं, बॅटरी चार्ज असावी लागते. म्हणून बीकनची जागा तो घेऊ शकत नाही. दोन्ही आहेत तर जीवघेण्या प्रसंगी आधी बीकन दाबा, मग मेसेंजरवर काय झालंय ते लिहा.

ते काय लिहायचं, हे आजच घरी बसून इंग्रजीत लिहून ठेवा. वय, दोन स्टेंट, कोणत्या महिन्यात बसवले, रोजच्या गोळ्यांची नावं आणि डोस, कशाची अ‍ॅलर्जी. एक मसुदा मेसेंजरच्या अ‍ॅपमध्ये, एक प्रत कागदावर. हात थरथरत असताना क्लोपिडोग्रेलचं स्पेलिंग आठवत नाही. या मेसेंजरचा दुसरा उपयोग रोजचा आहे: संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की ‘पोचलो’ एवढा मेसेज अ‍ॅडलेड किंवा मेलबर्नच्या एका ठरलेल्या माणसाला. रात्री आठपर्यंत आला नाही तर त्याने आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा, तिथेही पोचलेले नसाल तर पोलिसांना. ही वेळ आणि हा क्रम त्याच्याशी आधी बोलून पक्का करा.

सॅटेलाइट फोनबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्यांनी याच ट्रॅकवर होतो, विल्यम क्रीक आणि ऊडनाडॅटाच्या मधे. बरोबरच्या मित्राच्या पोटात अचानक असह्य कळ आली. उभं राहता येईना, पांढराफटक पडला. माझ्याकडे भाड्याने आणलेला सॅटेलाइट फोन होता. अँटेना बाहेर काढली, आकाश मोकळं, सिग्नल पूर्ण, आणि फोन लागेना. सिमची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. भाड्याने देणाऱ्याने पाहिलं नव्हतं, आणि निघण्याआधी एक फोन लावून बघायला हवा होता तो मी लावला नव्हता. ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. शेवटी गाडीतल्या यूएचएफवर हाका मारत राहिलो आणि जवळच्या एका स्टेशनवरच्या बाईंनी ओ दिली. इथे गुरांच्या अफाट कुरणांना स्टेशन म्हणतात. विल्यम क्रीकजवळचं अ‍ॅना क्रीक स्टेशन पंधरा हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे. बाईंनी आम्हाला घरी बोलावलं, फ्लाइंग डॉक्टरला, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेला, फोन लावला, मग कपाटातून एक पेटी काढली. त्या पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो. पलीकडून डॉक्टरांनी पाच-सहा प्रश्न विचारले आणि कोणत्या नंबरचं औषध किती द्यायचं ते सांगितलं. मुतखडा होता. संध्याकाळपर्यंत तो सावरला.

रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही या मुलखाची आई आहे, असं मी मनापासून म्हणतो. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ साली क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीतून ती सुरू केली. विमान मिळालं तरी दूरच्या घरातून डॉक्टरला हाक मारायची कशी, हा प्रश्न उरलाच होता. तो आमच्या अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने सोडवला. वीज नव्हती, म्हणून त्याने पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला, १९२९ पासून तो घराघरांत जाऊ लागला. वीस डॉलरच्या नोटेवर फ्लिनशेजारी तो पेडल-रेडिओ आणि उंट छापलेले आहेत, बाबांना दाखवा. उंटांवरून आणखी एक सांगा त्यांना: १८६० च्या बर्क आणि विल्स या संशोधकांच्या मोहिमेसाठी उंट आणले गेले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मारीला उंटवाल्यांच्या मशिदीची प्रतिकृती आहे, तिथे थांबाच.

तर सॅटेलाइट फोन. आवाजाने बोलता येणं ही आजारी माणसाच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे, आणि एकटीच गाडी सिम्प्सन डेझर्ट किंवा कॅनिंग स्टॉक रूटला निघाली असती तर मी फोन घ्याच म्हटलं असतं. तुमच्या रस्त्यावर मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा, मार्ला ही ठिकाणं साधारण दोन-दोनशे किलोमीटरवर आहेत आणि जुलैत वर्दळ असते. मेसेंजरने काम भागेल. तरी बाबांच्या काळजीने झोप लागणार नसेल तर दोन आठवड्यांसाठी भाड्याने घ्या, पण दुकानातच उभं राहून नवऱ्याच्या मोबाइलवर एक फोन लावून बघा, आणि सिमची मुदत सहलीच्या शेवटच्या तारखेच्या पुढची आहे हे लेखी घ्या. फ्लाइंग डॉक्टरचा आणि अ‍ॅम्साच्या बचाव केंद्राचा नंबर त्यात भरा. इरिडियमचा घ्या किंवा इन्मारसॅटचा; इन्मारसॅटचा असेल तर इथून उत्तरेचं आकाश मोकळं लागतं. स्वस्तात थुराया मिळतोय असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. या भागाला सेवा देणारा थुरायाचा उपग्रह एप्रिल २०२४ मध्ये बिघडला आणि तो फोन ऑस्ट्रेलियात आता चालत नाही.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं चूक नाही, अपुरं आहे. आयफोन १४ पासून पुढच्या फोनवर सॅटेलाइटचा एसओएस असतो आणि मे २०२३ पासून तो ऑस्ट्रेलियात चालतो. सेटिंगमध्ये त्याचा सराव करून बघता येतो, तो दोघांनीही करा. पण फोन दिवसभर नकाशा दाखवतो, गाणी वाजवतो, डॅशबोर्डवर तापतो. गाडी उलटली तर पहिला तो फुटतो किंवा कुठेतरी उडून जातो. पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो. तो तिसरा आधार म्हणून ठेवा. साध्या मोबाइलचं सांगायचं तर टेल्स्ट्राचं जाळं इथे सगळ्यात मोठं आहे आणि ९९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येला पोचतं. पण लोकसंख्या किनाऱ्याला आहे. देशाची निम्म्याहून जास्त जमीन त्या जाळ्याबाहेर आहे आणि तुम्ही तिथेच निघालात. दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर महिन्यापुरतं टेल्स्ट्राचं प्रीपेड घ्या. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी थ्री-जी बंद झालं. बाबांचा भारतातला फोन इथल्या सिमवर आणीबाणीच्या ०००ला फोर-जीवरून फोन लावू शकतो का, हे कंपनीच्या दुकानात विचारून घ्या, काही जुन्या आणि बाहेरून आणलेल्या फोनना ते जमत नाही. आणि वाटेतल्या गावात टेल्स्ट्राचा फोन-बूथ दिसला तर लक्षात असू द्या, २०२१ पासून त्यावरून देशातले फोन फुकट आहेत.

यूएचएफवर तुमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं बरोबर आहे. पण हातातला छोटा सेट घेऊन समाधान मानू नका. तो दोन-तीन किलोमीटर बोलतो, कधी त्याहून कमी. गाडीत बसवलेला पाच वॉटचा सेट आणि बंपरवर चांगली अँटेना असेल तर त्या सपाट माळावर दहा-पंधरा किलोमीटर, कधी जास्तही ऐकू जातं. लायसन्स लागत नाही. हमरस्त्यावर ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले असतात. मार्लानंतर स्टुअर्ट हायवेवर पन्नासेक मीटर लांबीच्या रोड-ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतील. ओव्हरटेक करण्याआधी ४० वर विचारा, ड्रायव्हर पुढचा रस्ता बघून सांगतात. कच्च्या रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्हवाले बहुधा १० वर, कॅरव्हॅनवाले १८ वर. ५ आणि ३५ हे फक्त आणीबाणीसाठी, त्यावर लेकीला गप्पा मारू देऊ नका. पाचवर हाक मारली तर कुणी ऐकेलच याची खात्री नाही, तेव्हा उत्तर नाही आलं तर ४० आणि १० वरही मारा. टायर फुटणं, बेल्ट तुटणं, डिझेल कमी पडणं, रोजच्या नव्वद टक्के अडचणी याच रेडिओवर सुटतात, मागून येणाऱ्या माणसाच्या मदतीने.

स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिश, चांगली वस्तू आहे. मुक्कामाला लावा, आई-बाबांना नाशिकला व्हिडिओ कॉल करू द्या. पण तिला वीज लागते, मोकळी जागा लागते, मांडावी लागते. अपघातानंतर ती मांडणार कोण? आणीबाणीच्या यादीत मी तिला धरत नाही. एचएफ रेडिओ, ट्रेगरच्या त्या पेडलवाल्याचा आजचा वारस, महिनोन्महिने भटकणाऱ्यांसाठी आहे. एका सहलीसाठी नको.

एक इशारा मात्र विसरू नका. सहल संपल्यावर बाबा म्हणतील, हा मेसेंजर मला दे, आमच्या ट्रेकिंग ग्रुपला सह्याद्रीत उपयोगी पडेल. देऊ नका, आणि चुकून त्यांच्या बॅगेत जाऊ देऊ नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि असे मेसेंजर सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना अशाच गार्मिनसाठी अडवून ठेवलं होतं. बीकनही ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीचा आहे, तो इथेच राहू द्या.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. या सगळ्या वस्तू तुमचा नवरा आणेल, तोच शिकेल, तोच ठेवेल. गाडी चालवणाराही तोच. अपघातात सगळ्यात आधी निकामी होण्याची शक्यता त्याचीच. म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी अंगणात गाडी उभी करा आणि आईंना व लेकीला बीकन हातात द्या. बटण दाबायचं नाही, पण झाकण कुठे, अँटेना कशी उलगडते, हे त्यांच्या हातांना कळू द्या. सेल्फ-टेस्ट कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने एकदाच करा. बीकन छतावरच्या पेटीत नको, मागच्या सामानाखाली नको. ड्रायव्हरच्या सीटजवळ, पट्ट्याने बांधून, गाडी उलटली तरी जागचा हलणार नाही असा ठेवा. गाडी सोडून टेकडी चढायला गेलात तर तो अंगावर.

आणि डॅशबोर्डच्या आत एक कागद चिकटवा. आईंसाठी मराठीत, मोठ्या अक्षरात. मी माझ्या आईसाठी लिहिला होता तोच देतो, हवा तसा बदला:

"गाडीतून बाहेर ये. आग किंवा धूर नसेल तर गाडीजवळच सावलीत बस. पिवळा डबा सीटजवळ पट्ट्यात आहे. अँटेना पूर्ण उलगड. बटण दिवा लागेपर्यंत दाबून धर. डबा वर आकाश दिसेल असा ठेव, अँटेना उभी, हात किंवा पदर त्यावर नको. दिवा लुकलुकतोय ना? मग झालं, त्यांना कळलंय. कुणी येईपर्यंत बंद करू नकोस. यायला काही तास लागतील, रात्रही होईल. पाणी मागच्या दाराशी आहे, घोट घोट सगळ्यांनी प्या. ब्लँकेटं पाणी ठेवलंय तिथेच. मदत आणायला कुणालाही चालत पाठवू नकोस, मी म्हटलं तरी नाही."